टॉवेलाखालची म्हैस

नव्वद सालानंतरची गोष्ट. नगरच्या एका कॉलेजात मी एमएच्या मुलांना संशोधन पद्धती शिकवायचो, आणि नुसत्या आकडेवारीवर पोट भरणाऱ्या लोकांचा मला भयंकर राग होता. आकडे घ्या, माणसांशी बोला, मग दोन्हींचा मेळ घाला, असं वर्गात घसा फोडून सांगायचो. वर एक ताकीद असायची: माहिती देणाऱ्याची ओळख मेलात तरी सांगायची नाही.

मिरजगावच्या एका मुलीनं लघुप्रबंधाला घोडेगावचा जनावरांचा बाजार घेतला. नापास झाली तर घरचे शिक्षण थांबवून लग्न उरकणार होते, म्हणून बिचारी जीव तोडून राबत होती. पण तिच्या प्रश्नावलीत भावाचा रकाना कोराच राहायचा. तिथला सौदा तोंडानं होत नाही. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबून होतो, आणि पोरीनं परक्या माणसाच्या हातात हात द्यायचा तरी कसा?

"चल, मी दाखवतो," म्हणून मीच तिला घेऊन बाजारात गेलो. एका म्हशीच्या मालकानं टॉवेल पुढं केला. मी हात घातला. त्यानं बोटं दाबली, मी विद्वानासारखी मान डोलावली. झालं! म्हशीच्या पाठीवर गुलाल पडला आणि कासरा माझ्या हातात आला.

मी तापलो, आपण प्राध्यापक असल्याचं ठणकावून सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, हात दिला, मान हालवली. आता म्हैस तुमची हाय."

शेवटी पोरीनंच मामा-मामा करत त्याची समजूत काढली आणि सगळ्या दलालांना चहा पाजून मी सुटलो. नंतर मात्र लोक मास्तरांच्या म्हशीवर हसत तिच्याशी मोकळं बोलू लागले. रकाना भरला.

प्रबंधात तिनं म्हशीचा तो सौदाही नाव न घालता लिहिला होता. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. भाव न समजता म्हैस घेणारा सुशिक्षित माणूस त्यांना पटेना.

"इतका बावळट कुणी असतो का? हे तुम्ही मनानं रचलंय. कोण तो, सांगा, नाहीतर मी पास करणार नाही."

मी तिच्या शेजारीच बसलो होतो. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "ओळख सांगता येणार नाही, सर," ती म्हणाली. परीक्षकांनी पेनचं टोपण काढलं.

"म्हैस मी घेतली होती," मी म्हणालो.

पोरगी पास झाली. बाहेर आल्यावर पेढे राहिले बाजूला, माझ्यावरच रागावली.

"सर, ओळख सांगायची नाही, असं तुम्हीच शिकवलं होतं ना?"