ओहोटीतला पडाव

झेंडूच्या माळा घातलेला पडाव खाडीच्या चिखलात एका कुशीवर कलंडला होता, आणि मांडवात भाषण अजून चालूच होतं.

एकेकाळी बंदरोबंदरी कौलं पोचवणारा आमच्या गावचा हा शेवटचा लाकडी पडाव. तो पुन्हा तरता करायचा म्हणून सगळं गाव खपलं होतं. कुणी सागाच्या फळ्या दिल्या, कुणी सुतारांना जेवू घातलं, बायकांनी फटींत भरायला कापूस वळून दिला. आज भरतीला शीड उभारून तो खाडीत न्यायचा होता. पण पाहुणे उशिरा आले आणि वारशावर बोलत राहिले.

"अरे, पाणी उतरतंय! सोडूया त्याला," पडाव हाकणारे भिकूकाका तांडेल मघाशी, तो अजून तरंगत असताना, माझ्या कानाशी येऊन म्हणाले होते. मी अध्यक्षांना खूण केली. त्यांनी बसल्या जागेवरून हातानंच थांबायला सांगितलं.

मला संताप आवरेना. जुनं जपायचं म्हणजे त्याच्यासमोर खुर्च्या मांडायच्या, एवढंच आपल्याला जमतं का? लाकूड पाण्यात राहिलं तरच टिकतं. कौतुकानं ते नुसतं वाळतं.

शेवटी कललेल्या पडावावरच नारळ फुटला. टाळ्या झाल्या, फोटो झाले, मोटारी गेल्या. भिकूकाका गुडघाभर चिखलात उतरून बुडाची एकेक फळी चाचपत राहिले.

"काका, आता काय करायचं?"

"फळी शाबूत आहे. उद्या सकाळच्या भरतीला काढू," ते मान वर न करता म्हणाले. "फक्त कुणाला बोलावू नकोस."