मुका खांब

कुरुंद्याहून निघाले त्या दिवशी हळद शिजत होती. टेम्पोत माझी पेटी आणि गादी चढली आणि धाकटी जाऊ कमल कढईजवळून तशीच धावत आली. हात कोपरापर्यंत पिवळे. मिठी मारायला म्हणून पुढे झाली आणि मध्येच थांबली. "नव्या लुगड्याला डाग पडंल, अक्का," म्हणाली. मग दोघी लांबूनच रडलो. कमल, तेव्हा डाग पडू द्यायला हवा होता गं.

अनिलचे वडील गेल्यावर त्याने मला हिंगोलीला आणलं. तो नोकरीला, सून शाळेत शिकवते. गावच्या खोल्या व्यापाऱ्याला दिल्या, त्यात आता हळदीची पोती आहेत. इथे दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, फ्रिज, कूलर, सगळं. एकदा कोथिंबीर आणायला गेले आणि सारख्या दिसणाऱ्या इमारतींत हरवले. तेव्हापासून अनिलचा नियम: दाराच्या ग्रिलला आतून कुलूप, एकटीने बाहेर पडायचं नाही. "आई, तुला कमी काय हाय?" तो विचारायचा. कमी काहीच नव्हतं. किल्ली माझ्याच कमरेला आणि मी आत. लेकांमागे शहरात आलेल्या बायांनो, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. दुपारभर ग्रिल धरून मी जिन्यातली पावलं ऐकत बसायची. फार राग यायचा, आणि तो कुणावर काढावा ते कळायचं नाही.

एका दुपारी शेजारच्या राठोडबाईंनी ग्रिलमधूनच विचारलं, "काहून बसल्या अशा? गच्चीवर चला, आमी बाया विणून राहिलो." राठोडबाई तांड्यावर वाढलेल्या, हळू बोलणं ठाऊकच नाही. गेले. पाण्याच्या टाकीच्या सावलीत पाच-सहाजणी दोरा आणि क्रोशाची सुई घेऊन बसल्या होत्या. मी कोपऱ्यात अंग चोरून बसले. थोड्या वेळाने राठोडबाई म्हणाल्या, "साखळी झाली. आता मुका खांब घाला."

मला वाटलं, हे माझ्यावरच. डोळे भरून आले. "मी बोलत न्हाई म्हून खांब व्हय?" म्हणत उठलेच. बायांना आधी काही कळेना. कळलं तेव्हा हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. राठोडबाईंनी हात धरून बसवलं. "अवो, टाक्याचं नाव हाय ते! बुटका टाका, म्हून मुका." दुसरी म्हणाली, "नुसतं मुका घ्या म्हनलं असतं तर ही बाई जिनाच उतरली असती!" मग मीही हसले, पदर तोंडाला लावून, पोट दुखेस्तोवर.

तेव्हापासून अनिलला न सांगता रोज चारला वर जाते. आपण हळद निवडायला बसायचो ना कमल, तसंच असतं बघ. हात चालू आणि तोंड त्याहून चालू. एकीची ओळ चुकली तर दुसरी गप्पा मारता मारता उसवून देते. एकीच्या सुनेला दिवस गेलेत, तर सगळ्यांनी मिळून टोपरं विणलं. कडेची ओळ माझी. सहाला मात्र खाली उतरायचं, पुन्हा कुलूप. उतरताना ही गच्ची सुटली तर इथे माझं काही खरं नाही, असं वाटायचं. आणि अनिलला कळलं असतं तर ती सुटणारच होती.

परवा विणता विणता फोन वाजला.

"आई, कुठं हायस?"

"घरीच हाय की." थाप मारायची म्हणून नाही, तोंडातून तसंच आलं.

"घरी? अगं, मी दारात उभा हाय. भायेरून कुलूप हाय!"

बायांचे हात थांबले. चुकलं रे बाबा, असं म्हणायला तोंड उघडलंही होतं. समोर राठोडबाई, पहिल्यांदाच गप्प.

"किल्ली माझ्यापाशी हाय," मी म्हणाले. "गच्चीवर ये. अन् चप्पल दारातच काढ, आमी चटई टाकली हाय."