टायमरवरचा तळहात

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत रविवारी दुपारी पोकरची टुर्नामेंट असते. तिसऱ्या मजल्यावरचे मालवणी काका खेळायला बसताना मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकतात. पत्ते वाईट आले की स्वतःशीच म्हणतात, "जावंदे."

एकदा शेवटी आम्ही दोघंच उरलो. टेबलावर चार पत्ते उघडे, त्यात तीन बदाम; पाचवा उघडायचा बाकी. माझ्या हातात दोन राजे. काकांनी सगळ्या चिप्स पुढे सारल्या, ऑल-इन! त्यांच्याकडे आणखी दोन बदाम असतील, तर पाच बदाम पूर्ण; मग कॉल करून, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावून, माझी वाट लागणार होती.

"अगं, टाक ना पत्ते!" बाकीचे ओरडायला लागले. कुणीतरी मोबाइलवर टायमर लावला. मी घाबरून पत्ते टाकण्यातच काकांचा फायदा होता. पण त्यांनी मोबाइलवर तळहात उपडा ठेवला. "तिका इचार करूंदे रे."

आमच्या घरात मला प्रश्न विचारतात, उत्तरासाठी थांबत कुणी नाही. मी शांतपणे विचार केला. बदाम खरंच जमले असते, तर काकांनी थोड्याच चिप्स लावून मला खेळवलं असतं.

"कॉल."

त्यांच्याकडे बदामचा नुसता एक्का होता. मी जिंकत होते. मग शेवटचा पत्ता उघडला, बदामची सत्ती. काकांचे पाच बदाम झाले. मी बाहेर.

चिप्सना हात लावायच्या आधी काका म्हणाले, "तुझो कॉल बरोबर होतो गो. पत्तो फिरलो."

त्या तळहाताचे उपकार कसे फेडू?

घरी आले, तर नवऱ्याने दारातच विचारलं, "जिंकलीस का?"

"थांब," मी म्हटलं. "विचार करून सांगते."