फिरलेला आवाज

माझे वडील, आमचे दादा, तांबट. तांब्याचा पत्रा ठोकून कडक झाला की त्याचा आवाज फिरतो. तेव्हा थांबून तो भट्टीत तापवायचा, नाहीतर फाटतो.

दहा वर्षांपूर्वी दादांच्या नाकामागच्या कॅन्सरवर किरणं दिली. गाठ मेली, पण किरणांचा मार आत चालूच राहिला. आता त्यानं कान नेले. कुठं थांबायचं, ते त्या किरणांना कोण सांगणार?

काल हंडा किंचाळत होता, मी ओरडत होतो, दादा ठोकतच राहिले. पत्रा टरकन फाटला. दादांनी हातोडा भिंतीवर भिरकावला, म्हणाले, "आवाज फिरला की माझ्या पाठीत गुद्दा घाल!"

आज घातला, चांगला सणसणीत. हातोडा थांबला. दादा वळून हसले.

माझी मूठ मात्र उघडेना.