साध्या पाण्याची ट्यूब

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असतात, तर सांगितलं असतं का? नसतं.

इथे परदेशात, वन-नॉर्थ भागातल्या एका लॅबमध्ये मी काम करते. जनावरांच्या नाकातले नमुने येतात, त्यांत रोगजंतू आहेत का ते आम्ही बघतो. एकदा हिमालयातल्या एका खोऱ्यातून बारा बकऱ्यांचे नमुने आले. मालक कुंदनसिंग. जिथे खेचर चढत नाही तिथे हा बकऱ्यांच्या पाठीवर ट्रेकवाल्यांचं सामान न्यायचा. वरच्या सरकारी कुरणात रानमेंढ्या न्युमोनियाने मरत होत्या. तो या बकऱ्यांमुळे लागतो, असा संशय होता. बकऱ्या निरोगी निघाल्या तर वाट खुली, नाहीतर बंद.

व्हिडिओ कॉलवर मी यादी वाचत होते. त्याने मध्येच थांबवलं. "मॅडमजी, सात नंबर बकरा है. आपने बकरी लिख दिया."

कॉलवर असलेले आमचे लॅबचे साहेब खो खो हसले. मीही हसले, पण आतून नुसती जळत होते — मी पीएचडी, आणि हा बकऱ्या हाकणारा माझ्या चुका काढणार?

दुसऱ्या दिवशी तपासणी लावली. दर वेळी एक ट्यूब साध्या पाण्याची ठेवतात. ती कोरी यायला हवी. त्या दिवशी बाराही बकऱ्या पॉझिटिव्ह आल्या — आणि पाणीही. पाण्याला कधी न्युमोनिया होतो का? माझ्याच हातून जंतू सगळीकडे लागले होते. अशा वेळी सगळं टाकून नव्याने करायचं असतं. मी पाण्याची ओळ रिपोर्टमधून काढून टाकली. घाईत नाही हो. चहा पिऊन, शांतपणे. काढ म्हणावं आता चुका.

वाट बंद झाली. त्याचा व्हॉइस मेसेज आला — पुन्हा तपासा, माझी एकही खोकत नाही. क्वीन्सटाउनच्या घरी जेवताना मी त्याची नक्कल करून दाखवली. "ममा, सो मीन लाह!" लेक इथल्या इंग्रजीच्या ढंगात म्हणाली आणि हसली.

तरी एका रविवारी लॅब रिकामी असताना उरलेले नमुने मी तपासले. दया आली म्हणून? छे — आपण पकडले जाऊ का, एवढंच बघायचं होतं. बाराही निरोगी. सात नंबरचा बकराही. सगळे नमुने जाळायच्या कचऱ्यात टाकले. तोवर त्याने बकऱ्या विकल्या होत्या. रोगी म्हणून शिक्का बसलेलं जनावर खाटकाशिवाय कोण घेणार?

महिन्याभराने त्याचा आणखी एक मेसेज आला. तक्रार नव्हती. मागच्या हिवाळ्यात वर रानमेंढ्यांची पिल्लं मेलेली त्याने स्वतः पाहिली होती. तेव्हापासून ती डोळ्यांसमोरून हलत नाहीत, म्हणाला. "मेरी बकरियों से मरे क्या, मॅडमजी?"

मी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभी होते. "नाही" लिहायला किती वेळ लागतो?

मी लिहिलं, "हाँ."

बुओना व्हिस्टा स्टेशनला उतरेपर्यंत त्याचं उत्तर आलं होतं. खरं सांगितल्याबद्दल त्याने माझे आभार मानले होते.