सासऱ्यांच्या करवतीचे दात

लग्न होऊन मी किन्हवलीजवळच्या गावी आले तेव्हा लढाई चालू होती आणि लाकडाला मागणी होती. भाताची झोडणी उरकली की सासरे आणि आमचे हे ओंडके चिरून फळ्या पाडत. त्यांची करवत माणसाहून लांब, दोन्ही टोकांना मुठी. ती पडवीत उघडीच पडलेली असे. येणाऱ्याजाणाऱ्याने पाय सांभाळायचे. दातांवर लाकडाचा चीक वाळून काळा झालेला.

माझे वडील सिद्धगडाखालचे, हेच काम करणारे. मला भाऊ नाही, म्हणून घरच्या करवतीची निगा माझ्याकडे. चीक रॉकेलच्या फडक्याने काढायचा, पण चुलीपासून लांब बसून. पुसताना हात पाठीकडून दातांकडे न्यायचा, दातांवरून आडवा कधीच नाही. शेवटी चिरलेला बांबू दातांवर चढवून ठेवायचा.

सासरी पहिल्याच आठवड्यात मी तसा बांबू चढवला. सासऱ्यांनी तो काढून टाकला.

"बाईचा हात लागला का करवत बोथट व्हते. परत हात लावायचा नाय गो."

मी मान हलवली. बाजाराच्या दिवशी दोघे किन्हवलीला गेले, तशी करवत दोन खांबांमध्ये पक्की अडकवली, हाताला फडकं गुंडाळलं आणि सासऱ्यांचीच कानस घेऊन एकेक दात घासला. एक दात डावीकडे कललेला, पुढचा उजवीकडे, असे ते सारखे करून घेतले. दोघे परतायच्या आत लोखंडाचा चुरा झाडून टाकला.

दुसऱ्या दिवशी करवत लोण्यातून गेल्यासारखी गेली. सासरे गावभर सांगत सुटले, "माझ्या हाताला धार हाय." दर बाजाराला मी घासायची आणि दर बाजारानंतर त्यांच्या हाताची कीर्ती वाढायची. एकदा तर जेवताना मलाच म्हणाले, "तुझ्या बापाला जमल काय असं?"

ते मला लागलं. पुढच्या बाजाराला मी उजवीकडचे सगळे दात जरा जास्तच वाकवले.

दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन गेले तर बापलेक भांडत होते. फळी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पापडासारखी.

"तू वाकडी वढतोस," सासरे म्हणत होते.

"मी नाय, तुमीच रेटताव," हे म्हणाले.

मला हसू आवरेना. सासऱ्यांनी विचारलं, "हसतेस काय गो?"

"काय नाय, मामा. उजवीकडचे दात जास्त वाकलेत, म्हणून करवत तिकडं पळते."

बोलून गेले आणि जीभ चावली.

"तुला कसं ठाव?" सासऱ्यांनी विचारलं. मी भाकरीचं फडकं पुढे केलं. तेवढ्यात ह्यांना ठसका लागला. तो हसण्याचा होता. सासऱ्यांनी करवतीचे दात निरखले, मग माझी बोटं निरखली. बोटांवर कानशीचे ओरखडे होतेच.

मला वाटलं, आता माहेरी धाडतात. पण ते आमच्याकडे पाठ करून दगडावर बसले आणि फडकं सोडत म्हणाले, "मी जेवतोय. मला काय दिसत नाय." मी तिथेच जास्त वाकलेले दात मागे घेतले. ह्यांनी करवत धरली. फळी पुन्हा सारखी पडू लागली.

त्यानंतर दर बाजाराला निघताना सासरे अंगणातून शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बजावत, "करवतीला कोणी हात लावायचा नाय." आणि जाण्याआधी पडवीत कानस, रॉकेलचं फडकं आणि नवा चिरलेला बांबू मांडून जात.