सहाव्या रकान्यातलं रसायनशास्त्र

कोल्हापुरातून पन्हाळ्याकडे निघालं की वाटेत काचेची एक मोठी इमारत लागते. तिथे अकरावी-बारावी नाही, त्याऐवजी दोन वर्षांचा आंतरराष्ट्रीय डिप्लोमा आहे. क्रांती मॅडम तिथे गणित शिकवायच्या आणि डिप्लोमाच्या को-ऑर्डिनेटरही होत्या. म्हणजे कुठल्या मुलाने कुठले विषय घ्यायचे, त्याचा आराखडा त्यांच्या टेबलावर ठरायचा. पद मोठं, खुर्ची मोडकी. पण तोंड असं, की शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे जपून बोलत.

दहावीचा निकाल लागला की पालक येत आणि खुर्चीत टेकायच्या आत विचारत, "म्हंजे मॅडम, हे सायन्स का कॉमर्स?"

"दोन्ही हाय आणि दोन्ही न्हाय," असं म्हणून क्रांती उठायची आणि फळ्यावर सहा रकाने आखायची. पहिली भाषा, दुसरी भाषा, सामाजिक शास्त्रं, विज्ञान, गणित, कला. प्रत्येक रकान्यातला एक विषय घ्यायचा. सहापैकी तीन खोलात शिकायचे, तीन जरा हलके. कला नको असेल, तर सहाव्या रकान्यात आणखी एखादं विज्ञान बसवता येतं. एका रकान्यातले तास एकाच वेळी होतात, त्यामुळे त्यातले दोन विषय कुणालाच घेता येत नाहीत. शाहूपुरीतले एक गुळाचे व्यापारी हे सगळं ऐकून म्हणाले होते, "म्हंजे राइस प्लेट की ओ! वाटी बदलून मिळत्या, वाढवून न्हाय." क्रांती हसून हसून बेजार झाली आणि पुढे सगळ्यांना तसंच समजावून सांगू लागली.

त्या वर्षी बारा मुलं होती. त्यातली एक हुपरीची प्रेरणा. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, शिष्यवृत्तीची परीक्षा देऊन आलेली, आता वसतिगृहात राहणारी. तिने अर्जात रसायनशास्त्र आणि चित्रकला हे दोन्ही विषय खोलात शिकायचे म्हणून लिहिले होते. क्रांतीने विचारलं, हा मेळ कसा काय? पोरीने दप्तरातून तुटका पैंजण काढून टेबलावर ठेवला.

"आमच्या घरात हेच करत्यात. जोड दिलेल्या जागीच ह्यो का तुटतोय, ते मला बघायचंय. आणि त्याच त्याच वेलबुट्ट्या बघून मला कट्टाळा आलाय. त्या बदलायच्यात."

इतक्या वर्षांत इतकं सरळ उत्तर क्रांतीने ऐकलं नव्हतं. मुलं सहसा "पप्पा म्हणाले" असं म्हणत. तिने विज्ञानाच्या रकान्यात रसायनशास्त्र ठेवलं, सहाव्यात चित्रकला, आणि आराखडा संस्थेचे अध्यक्ष उदयसिंहराव यांच्याकडे पाठवून दिला.

तो लाल पेनाने गिरगटून परत आला. उदयसिंहरावांचा नातू सम्राट याच तुकडीत होता आणि त्याला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र दोन्ही पाहिजे होतं. रसायनशास्त्राचे शिक्षक एकच, आदर्श सर. प्रयोगशाळाही एकच. तेव्हा रसायनशास्त्र उचलून सहाव्या रकान्यात, चित्रकलेच्या शेजारी बसवलं होतं. सम्राटचं काम झालं. प्रेरणाला दोन्हीपैकी एकावर पाणी सोडावं लागणार होतं.

"त्या हुपरीच्या पोरीला समजवा," उदयसिंहराव फोनवर म्हणाले. "एक विषय सोडला म्हणून काय जातंय तिचं? करंल ॲडजस्ट."

आणि क्रांती, जिच्यापुढे प्राचार्य जपून बोलत, ती क्रांती "बरं" म्हणाली. हे लपवण्यात काही अर्थ नाही. तोंडाळ माणसंही वरच्या माणसापुढे कितीदा "बरं" म्हणतात, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. तिने प्रेरणाचा फॉर्म रसायनशास्त्र गाळून, त्या जागी जीवशास्त्र घालून स्वतःच भरला. फॉर्मच्या तळाला छापलेलं होतं, 'वरील विषय विद्यार्थ्याने स्वतःच्या इच्छेने निवडले आहेत.' खाली तीन सह्यांच्या जागा होत्या, विद्यार्थी, पालक आणि को-ऑर्डिनेटर. शनिवारी दुपारी ती एसटीने हुपरीला गेली.

प्रेरणाची आई अक्काताई घराच्या पुढच्या सोप्यात खाली बसून चांदीच्या बारीक कड्या एकात एक ओवत होती. सुट्टीला घरी आलेली प्रेरणा शेजारीच होती. क्रांतीने फॉर्म पुढे केला आणि घोकून आणलेलं सगळं बोलून टाकलं. शाळेची अडचण, वेळापत्रक, जीवशास्त्रही चांगलंच असतं, वगैरे वगैरे. अक्काताईने हातातलं काम थांबवलं नाही.

"मॅडम, तुमी सांगाय आलाय का इचाराय?"

"म्हणजे?"

"सांगाय आला असला, तर च्या घ्या आणि जावा. इचाराय आला असला, तर बसा."

प्रेरणा घाईघाईने म्हणाली, "अव्वा, जाऊ दे की. मी चित्रकला ठेवतो. त्ये दुसरं सोडतो."

"तू गप." आईने चष्मा लावला, फॉर्म हातात घेतला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हितं लिवलंय, पोरीच्या मर्जीनं. पोरीची मर्जी कुठं हाय ह्यात? मी सही करतो, मला काय! पण पयली तुमी करा. माझ्यासमोर करा."

क्रांतीच्या हातात पेन होतं. तिला सही करवली नाही. तिला इतकी लाज वाटली, की चहा पिताना तिने मान वर केली नाही.

परतीच्या एसटीत तिला वडील आठवले. गणपतराव एका साखर कारखान्यात चिटबॉय होते. ऊस तोडायची चिठ्ठी शेतकऱ्याच्या घरी पोचवणारा तो चिटबॉय. ज्याच्या उसाची लागण आधी, त्याची तोड आधी, असा नियम. पण वरून निरोप आला, की नियम फिरायचा. गणपतरावांचं अक्षर म्हणजे कुत्र्यामांजराचे पाय, म्हणून ते दहा वर्षांच्या क्रांतीला लिहायला बसवत. वशिल्याच्या माणसाची जानेवारीची लागण तिने कितीदा आदल्या ऑक्टोबरची करून दिली होती. एका वर्षी शेजारच्या विधवा आक्कांचा ऊस असाच मागे राहिला. त्याला तुरे आले, तो वाळून चिपाड झाला, आणि आक्का रोज दारात येऊन विचारत राहिल्या, "गणपा, माझा नंबर कवा?" वडील आतल्या खोलीत दडून बसत आणि क्रांती बाहेर येऊन सांगे, "येईल की आक्का, ॲडजस्ट करा जरा."

वाईट वडील नव्हतेच. घाबरट होते. आणि आज आपण त्यांच्याच वळणावर चाललो होतो, हे तिला कागलचा फाटा यायच्या आत पुरतं कळलं. राग आला, तो आधी स्वतःचाच आला.

सोमवारी ती उदयसिंहरावांच्या खोलीत न बोलावता शिरली.

"झाला का तो फॉर्म?"

"झालेला फाडला. ह्यो नवा आराखडा." तिने कागद टेबलावर ठेवला. रसायनशास्त्र कुठल्याच रकान्यात नव्हतं. शाळा भरायच्या आधी, रोज सकाळी सातला त्याचा तास होता. "सम्राटला दोन्ही मिळतंय, प्रेरणालाबी दोन्ही मिळतंय. कुणाचं काय जात न्हाय."

"सातला? म्हणजे पोराने ताराबाई पार्कातनं सहाला निघायचं? आमच्या घरात सहाला दूधवालासुद्धा बेल वाजवत नाही!"

"मग उठवा त्याला."

"आणि आदर्श सर?"

"त्यांना इचारलंय. शिव्या देत हुते, पण येतो म्हणालेत."

उदयसिंहराव खुर्चीत मागे रेलले. "मॅडम, एका फुकट शिकणाऱ्या पोरीसाठी सगळी शाळा सातला उठवायची?"

"फुकट न्हाय. परीक्षा देऊन आलीया. तुमचा नातू कुठली परीक्षा देऊन आला, त्ये मला म्हाईत हाय." आपण फार बोललो हे तिला कळलं, पण आता मागे फिरायचं नव्हतं. "तुमचाच आराखडा चालवायचा असला तर चालवा. मी सही करतो. पण खाली लिहिणार, विद्यार्थिनीला रसायनशास्त्र आणि चित्रकला पाहिजे होती, संस्थेनं रसायनशास्त्र काढलं. दर पाच वर्षांनी डिप्लोमाच्या मंडळाची माणसं तपासणीला येत्यात. त्यांनी वाचू द्या."

"धमकी देताय?"

"खरं लिहितो म्हटलं. धमकी कसली त्यात?"

"तुम्हाला जमत नसेल, तर दुसरं कुणीतरी करेल सही."

"करू दे. साहेब, दहा वर्षांची असताना मी कारखान्याच्या खोट्या चिठ्ठ्या लिहिल्यात. अक्षर चांगलं म्हणून मला बसवायचे. एका बाईचं उभं पीक माझ्या अक्षरानं वाळलं. त्ये अक्षर आता कुणाला मिळणार न्हाय. तुम्हाला न्हाय, तुमच्या नातवाला न्हाय."

नोंदणीची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि फायलींमधलं सगळं एकट्या क्रांतीलाच ठाऊक होतं. उदयसिंहरावांना हे कळत होतं. त्यांनी सातच्या वेळापत्रकावर सही ठोकली आणि पेन टेबलावर आपटलं.

"पुढच्या जूनपासून तुम्ही को-ऑर्डिनेटर नसाल. गणिताचे तास घ्यायचे आणि घरी जायचं."

बारा वर्षं खपून उभं केलेलं काम होतं ते, आणि ते तिला मनापासून आवडायचं. पद हातचं जाणार, हे तिला उंबऱ्यातच ठाऊक होतं. पण तिने कागद उचलला नाही. उलट तो पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

"चालतंय की. पद घ्या. पण ह्या बारा पोरांचे इषय दोन वर्षं कुणी हलवायचे न्हाईत. मी असू दे, नसू दे. तेवढं तुमच्या हातानं ह्याच्यावर लिहा."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"न्हाय," क्रांती म्हणाली.

उदयसिंहरावांनी तिच्याकडे पाहिलं, पेन पुन्हा उचललं आणि लिहिलं. तिने ती ओळ शांतपणे दोनदा वाचली, खाली तारीख राहिली होती ती घालून घेतली, आणि झेरॉक्स काढायला निघाली.